घरी बघणारं कोण

"डॉक्टरीणबाई, तुमच्या मालकांचं काय बिनसलंय व्हय?"

आठवडी बाजारात, मेथीची जुडी हातात धरून, गंगूआक्कानं मला भर गर्दीत विचारलं. आक्का आमच्या डॉक्टरांची जुनी पेशंट. मी स्वतः डॉक्टर नव्हे, बरं का. आमच्या गडहिंग्लजकडं डॉक्टरच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात, तिला गोवर आणि कांजिण्या यातला फरक कळत नसला तरी. माझा धंदा टायपिंगचा. घराखालच्या गाळ्यात माझा टायपिंग आणि लघुलेखनाचा क्लास होता. निम्म्या तालुक्याची बोटं मी वळवली. पुढं मशीन भंगारात गेली, गाळा मोबाईलवाल्याला दिला, आणि मी वरच्या मजल्यावर नवऱ्याची वाट बघत बसायला मोकळी झाले.

"बिनसायला काय झालं?" मी म्हटलं.

"अवो, माझ्याकडं बघतच न्हाईत. दम लागतोय म्हटलं तर त्या टीव्हीकडं बघत्यात आन एका बोटानं टकटक करत्यात. पाठीला सांगून आले बगा माझं दुखणं."

तो टीव्ही म्हणजे कॉम्प्युटर. आक्काला काय सांगणार? आमचे डॉक्टर शंकर मगदूम उभा जन्म एका ट्रस्टच्या दवाखान्यात ओपीडी बघत आलेले. पेशंटला नीट तपासतील, त्याचं सगळं ऐकून घेतील, आणि लिहायचं मागं ठेवतील. मग ते केसपेपर पिशवीत घालून घरी. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि केसपेपर जास्त. भाकरी गार, आमटी गार, आणि मी समोर गप्प. काही विचारलं तर "हं". पुन्हा विचारलं तर "हं हं". त्यात फतवा निघाला की सरकारी योजनेचे पैसे हवे असतील तर प्रत्येक पेशंटची पूर्ण नोंद त्याच दिवशी कॉम्प्युटरवर चढली पाहिजे. झालं! पिशवीच्या जोडीला लॅपटॉप घरी आला.

दवाखान्याचा कारभार अस्मा मुजावर बघायची. माझीच विद्यार्थिनी, वेणीला लाल रिबीन बांधून क्लासला यायची तेव्हापासूनची. ती एके दिवशी घरी आली, टेबलावरचा ढीग बघितला आणि म्हणाली, "बाई, असं चाललं तर सर आजारी पडतील. तीन उपाय आहेत. आठवडा-आठवडा करून बघू. पहिला, पेशंट समोर असतानाच कॉम्प्युटरवरच्या तयार तक्त्यात खुणा करायच्या. दुसरा, फोन टेबलावर ठेवायचा. तो बोलणं ऐकतो आणि नोंद तयार करून देतो. तिसरा, शेजारी लिहिणारं माणूस बसवायचं. सर किती वाजता घरी जातात, किती नोंदी मागं राहतात, सगळं मी बघते. जे बरं पडेल ते ठेवू."

ती गेल्यावर मी डॉक्टरांच्या समोरचा केसपेपर उचलला आणि त्यावर बसले. होय, चक्क बसले.

"ऐका," मी म्हटलं. "तीन आठवडे मी बघणार. दिवेलागणीला तुम्ही मोकळ्या हातानं घरी आलात, तर तुमची ओपीडी चालू. नाही आलात, तर पाडव्याला ओपीडी बंद. मला लग्न होऊन नवरा मिळाला म्हणतात, तो एकदा बघायचाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ओपीडी बंद करून मी करू काय, सुलोचना?"

"ते मला माहीत नाही."

माहीत कसं नाही? ओपीडी सुटली तर हा माणूस महिन्याभरात वाळून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि नाही सुटली तर मी वाळत होतेच. कुणीतरी एकानं वाळायचंच असेल तर दर वेळी मीच का, एवढंच माझं म्हणणं होतं.

"हं," ते म्हणाले. म्हणजे कबूल.

पहिल्या आठवड्याचं आक्कानं बाजारात सांगितलंच. तक्ता भरायचा तर बघायचं पडद्याकडं, आणि पेशंटकडं बघायचं तर तक्ता राहतो. डॉक्टरांनी दोन दिवस पडद्याकडं बघितलं, मग लाज वाटून पेशंटकडं बघायला लागले. लॅपटॉप पुन्हा घरी.

दुसऱ्या आठवड्यात फोन. तो आधी बरा वाटला. बोललेलं सगळं ऐकायचा आणि नीट, सुबक नोंद करून द्यायचा. मला वाटलं, चला, सवत मिळाली खरी, पण कामाची आहे. पण डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन एकेक नोंद उघडून बसायला लागले.

"आता काय राहिलंय?" मी विचारलं.

"ह्यानं आक्काची सून गाळली," ते चिडून म्हणाले.

"म्हणजे?"

"आक्का बोलली ना, सून लेकाबरोबर पुण्याला गेली. मी ऐकलं, फोननंही ऐकलं. नोंदीत काही नाही. त्याला वाटलं, इकडचं तिकडचं आहे."

"मग तिकडचंच आहे की!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच सून गाळली. आणि ती सून परत घालत बसले. तिच्यामागं आणखी कुणाचा दारुडा जावई, कुणाची आंधळी सासू. आमटी गार झाली.

तिसऱ्या आठवड्याला अस्मानं एक हुशार मुलगी लिहायला बसवली. सोमवारी सकाळी बसली आणि दुपारी उठली. तिचं काही चुकलं नाही. ती आमच्याच पेठेतली, पाटलांच्या बोळातली. तिच्यासमोर पाळीचं, अंगावरून जाण्याचं, नवऱ्याच्या मारण्याचं कोण बोलणार? बायका येऊन "ताप हाय" एवढंच सांगून जायला लागल्या. अख्खी ओपीडी तापानं फणफणली.

अस्मा धावत घरी आली. "बाई, तुम्हीच बसा. तुमचं लघुलेखन आहे, टायपिंग आहे. आणि तुमच्यापुढं कोणी लाजणार नाही. तुम्ही डॉक्टरीणबाई!"

"आणि मीच बसून मीच पैज हरू होय?" मी म्हटलं. पाडव्याची अट डॉक्टरांनी तिला सांगितली होती.

"प्रामाणिकपणे लिहा म्हणजे झालं," ती म्हणाली. माझीच शिकवण माझ्याच गळ्यात घातली कार्टीनं.

मंगळवारी मी पेन्सिलींना टोक करून ओपीडीच्या कोपऱ्यात बसले. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी डबा द्यायला सोडून कधी गेले नव्हते. डॉक्टर अवघडले. पेशंटसमोर मला काय म्हणून हाक मारायची ते त्यांना कळेना. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "लिहा, बाई." घरी अगं-तुगं, आणि इथं लिहा बाई! मला हसू आलं, पण मी पेन्सिल चालवली.

पहिला पेशंट बाळाप्पा, साखर कारखान्यातला निवृत्त माणूस. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली. एरवी ते मुकाट्यानं तपासून मागनं घरी मुकाट्यानं लिहायचे. आता लिहिणारी मी, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं.

"फुफ्फुसं स्वच्छ. हृदयाचे ठोके नियमित. पायावर सूज नाही. मागच्यापेक्षा तब्येत सुधारली आहे."

बाळाप्पा सदऱ्याची बटणं लावता लावता थांबला. "डाक्टर, म्हंजे माझं चांगलं हाय?"

"हो. चांगलंच आहे."

"गेल्या बारीलाबी चांगलं हुतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का न्हाईसा? मी घरला जाऊन बायकूला रोज म्हणतोय, डाक्टर काय बोलंनात, माझं काय खरं न्हाई."

डॉक्टर गोंधळले. "लिहीत होतो की," ते म्हणाले.

मी खाली मान घालून तेही लिहिलं. लघुलेखनात हात थांबत नाही. जे कानावर पडेल ते कागदावर. मात्र डोळ्यांत काय येत होतं ते मलाच ठाऊक.

दिवसभर असंच चाललं. पेन्सिलीचा आवाज येत नाही, त्यामुळं बोलणारा बोलत राहतो. एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंत मी नोंद कॉम्प्युटरवर चढवून मोकळी. बायका तर डॉक्टरांना सोडून मलाच दुखणी सांगायला लागल्या. "डॉक्टरीणबाई, तुमीच सांगा ओ त्यास्नी." मी आपली मान हलवायची आणि लिहायची. आणि प्रत्येक पेशंटच्या शेवटी, औषध लिहून देण्याआधी, डॉक्टर एक प्रश्न विचारायचे. एकाला चुकला नाही की एकीला.

"घरी बघणारं कोण?"

बुधवारी आक्का आली. दम, पायाला सूज. तपासून झाल्यावर प्रश्न आलाच.

"कोण न्हाई," आक्का म्हणाली. "देव हाय."

"देव गोळ्या काढून देत नाही, आक्का. शेजारी कोण आहे?"

"कुंभाराची रखमा."

"ती सकाळी चहाला येते?"

"येतीया की. माझ्या घरात चहा पिऊन माझीच गाऱ्हाणी ऐकती."

डॉक्टरांनी तीन वेळच्या गोळ्या खोडल्या आणि सकाळची एकच लिहून दिली. "रखमाच्या चहाबरोबर घ्यायची. ती आली नाही तर तिला बोलवायचं. लिहा, बाई: घरी बघणारं, रखमा."

दुपारच्या चहाला मी विचारलं, "हा प्रश्न कुठल्या तक्त्यात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग कशाला विचारता?"

"औषध दुकानातून घरापर्यंत जातं," ते म्हणाले. "घरातून पोटात जायला कुणीतरी लागतं."

मी चहाचा कप हातात धरून बसले. हा माणूस एवढं बोलतो? बाळाप्पाशी बोलतो, आक्काशी बोलतो, रखमाच्या चहाची वेळ ह्याला ठाऊक. खरं सांगू, मला रागच आला. अभिमानही आला, पण राग आधी.

आणि घरी? संध्याकाळी पाचला आम्ही दोघं बरोबरच निघायचो. पिशवी नाही, लॅपटॉप नाही. टेबल रिकामं. मी गरम भाकरी वाढायची. डॉक्टर समोर बसून भाकरी खायचे आणि हात टेबलावर ठेवून बसायचे. आता काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मी म्हणायची, "आक्काची सूज उतरेल ना?" ते म्हणायचे, "हं." गुरुवारीही हं. शुक्रवारीही हं.

इतकी वर्षं मी त्या केसपेपरना शिव्या दिल्या. वाटायचं, कागद तेवढे हटले की नवरा मिळेल. कागद हटले आणि समोर हा गप्प माणूस तसाच बसलेला. शुक्रवारी भांडी घासताना मी नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

शनिवारी दुपारी अस्मा आकडे घेऊन आली. भारी खूश होती. "बाई, एक नोंद मागं नाही! सर रोज पाचला बाहेर. फोन स्वस्त पडतो, म्हणून बाकीच्या डॉक्टरांना फोनच देणार, पण त्यात 'घरी बघणारं कोण' हा रकाना घालून घेतलाय मी. सरांकडं मात्र तुम्ही. ट्रस्ट मानधन देणार. म्हणजे ओपीडी चालू!"

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मला त्यांच्यासाठी मनापासून बरं वाटलं. ते वाळणार नव्हते.

"छान झालं," मी म्हटलं, आणि पेन्सिली गोळा करायला लागले.

शेवटचा पेशंट गेला. सिस्टरनं पंखे बंद केले. मी पदर खोचून उठणार, तोवर डॉक्टर म्हणाले, "बसा. अजून एक पेशंट आहे."

मी दाराकडं बघितलं. बाकडी रिकामी.

"नाव लिहा. सुलोचना शंकर मगदूम."

"अहो, थट्टा पुरे. भाकरीचं पीठ संपलंय, गिरणी बंद होईल."

"लिहा," ते म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं बघत होते, जिथं पेशंट बसतात. "वय साठीच्या पुढं. व्यवसाय, टायपिंग क्लास. क्लास बंद झाला तेव्हापासून दुपारी झोप नाही. पडून राहते, डोळे उघडे असतात."

माझा हात आपोआप चालायला लागला.

"उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. भाकरी थापताना डाव्या हातावर भार देते. सांगत नाही. रात्रीचं शिळं सकाळी स्वतः खाते आणि विचारलं तर म्हणते, टाकून दिलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पेशंटनं मधे बोलू नये. जिना चढताना निम्म्यात थांबते. तिथं जास्वंदीची कुंडी आहे. वाळकं पान काढतेय असं दाखवते. पण रोज वाळकं पान कुठून येईल? दम लागतो. दिवाळीपासून वाढलाय." "सोमवारी कार्डिओग्राम. टाळाटाळ करेल. हात धरून आणणे."

मला वाटत होतं, त्या जिन्यावर मी एकटीच असते. रोज संध्याकाळी खालचं दार उघडून मी पुढं व्हायची, ते माझ्यामागून पिशवी घेऊन खाली मान घालून चढायचे, कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"आणखी एक," ते म्हणाले. "पूर्वी भांडायची. मोठ्यानं भांडायची, खाली क्लासच्या पोरींना ऐकू जायचं. केसपेपरवर बसली, तेवढं शेवटचं. ह्या आठवड्यात तर अजिबात भांडली नाही. काळजीचं लक्षण आहे."

"एवढं सगळं दिसत होतं," मी म्हटलं, "तर मला बोलला का नाहीत हो?"

ते गोंधळले. बाळाप्पासमोर गोंधळले होते तसेच. मग म्हणाले, "मला बोलायला येत नाही, सुलू. लिहायला येतं. आणि तुझा केसपेपर नव्हता."

सुलू. हे नाव मी आमच्या लेकीच्या बारशानंतर ऐकलं नव्हतं. मी कागद उलटला.

"पुढं सांगा," मी म्हटलं. "तुमचा प्रश्न राहिला."

त्यांना माहीत होतं कुठला ते. त्यांनी टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलला, परत ठेवला. बाहेर सिस्टर बादली आपटत होती.

"घरी बघणारं कोण," ते म्हणाले. आणि स्वतःच उत्तर दिलं, "कोणी नाही. लिहा."

हात थांबत नाही म्हणतात ना लघुलेखनात? माझा थांबला. अख्ख्या आयुष्यात तेवढा एकदाच.

"हे मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"खरं आहे ते."

"असू दे खरं. आक्काला तुम्ही असं सोडलंत का? ती देव म्हणाली तरी रखमा शोधून काढलीत. आणि माझ्या नोंदीत कोणी नाही? मी इथं आठवडाभर बसलेय, मला तुमची पद्धत ठाऊक आहे. शोधा. मगच औषध."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. चष्म्याआड डोळे भरले होते. माझेही भरले होते, लपवायचं कशाला?

"नवरा," ते म्हणाले. "लिही. घरी बघणारं, नवरा."

मी लिहिलं.

(सोमवारी कार्डिओग्राम निघाला. एक गोळी लागली ती आजही चालू आहे. रोज सकाळी चहाबरोबर ते हातावर ठेवतात आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. बडबडे झाले असं म्हणाल तर नाही. पण ओपीडीतून येताना वाटेत दोन-चार वाक्यं बोलतात, आणि मी त्यावर महिनाभर जगते असं आमची लेक म्हणते.)

त्या शनिवारी गिरणी बंदच झाली होती. पीठ मिळालं नाही. आम्ही मोकळ्या हातानं घरी आलो. जिना चढताना एरवी ते माझ्यामागं असायचे, त्या दिवशी शेजारी आले. जिना अरुंद, दोघांना धड मावेना. निम्म्यात मी थांबले, सवयीनं जास्वंदीकडं वळले. ते पण थांबले. माझ्याआधी त्यांनीच हात पुढं केला, घाईघाईनं एक पान धरलं आणि तोडलं.

"अहो, काय करताय!" मी ओरडले. "ते हिरवं आहे! डोळे आहेत की बटणं? एवढ्या मुश्किलीनं फुटवा आलाय त्याला, कळतं का काही झाडातलं? उद्या कळीसुद्धा खुडाल!"

खालचा मोबाईलवाला बाहेर येऊन वर बघायला लागला.

डॉक्टर पान हातात घेऊन उभे. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि पहिल्यांदा मनापासून हसले.

"भांडलीस," ते म्हणाले. "आता थोडं बरं वाटतंय मला."